शिकवणी त्याच्याकडे नको, त्याच्या आईकडे लाव

'ताई, मी दादरची, तो माटुंग्याचा तमिळ. फेब्रुवारीत लग्न आहे. आपसात आमचं हिंदी-इंग्रजी चालतं. एकमेकांची भाषा शिकायचं ठरवून त्याने मला तमिळ शिकवायला घेतलं, पण रोज भांडणं होतात. माझे उच्चार ऐकून तो हसतो, वर म्हणतो, सोड ना, घरी सगळ्यांना हिंदी येतं. मी त्याच्या घरी गेले की सगळे हिंदी बोलू लागतात, मी खोलीबाहेर पडले की पुन्हा तमिळ. फार परकं वाटतं. त्याचं मराठी शाळेपुरतंच, बाबाही त्याच्याशी हिंदीतच बोलतात. दोघांनी मिळून शिकायचं तरी कसं?'

प्रिय मुली,

आधी हसण्याचं. ते खपवून घेऊ नकोस. भांडण नसेल अशा वेळी त्याला सांग, तू हसलास की माझं तोंडच बंद होतं. चारचौघांत चूक काढायची नाही, परतताना वाटेत सांगायची, एवढं ठरवा.

पण मुळात त्याला मास्तर करणंच मला पटत नाही. तो तुझ्याशी एकेरीत बोलणार आणि तेच तुझ्या तोंडी बसणार. जेवलीस का, हे तो 'साप्टिया?' असं विचारेल. तेच तू होणाऱ्या सासूबाईंना विचारलंस तर पंचाईत, कारण थोरांना 'साप्टिंगळा?' असं विचारतात. म्हणून बोलणं शिकायचं ते त्याच्या आईकडून. रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जा. डब्यांतल्या जिनसांची नावं विचार, वाढताना थोडं म्हणजे 'कोंजम', पुरे म्हणजे 'पोदुम', इथपासून सुरू कर. माटुंग्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर जात जा. केळीची पानं, गजरे विकणाऱ्या कितीतरी लोकांशी तिथे तमिळमध्येच बोलणं होतं. आणि घरच्यांना तूच सांग, मी असताना तमिळच बोला, अडलं तर मी विचारीन. तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच ते हिंदीकडे वळत असणार. तुला काय हवं आहे हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही.

मिळून शिकायचं ते वाचायला-लिहायला. त्याला विचार, तुला तमिळ वाचता येतं का? इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुंबईच्या पुष्कळ तमिळ मुलांना घरात अस्खलित बोलता येतं, पण अक्षरओळख नसते. त्याचंही तसंच असेल तर फारच छान, दोघंही पहिलीत! तमिळनाडू सरकारची शालेय पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यांतलं पहिलीचं घ्या. एकूण 247 अक्षरं म्हटल्यावर घाबरू नकोस. स्वर 12, व्यंजनं 18 आणि एक वेगळं अक्षर, बाकी सगळी आपल्या बाराखडीसारखी जुळणी. क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे, तेव्हा पाठांतर कमी आणि अंदाज जास्त. इथे त्याचा कान उपयोगी पडेल, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. तू देवनागरीच्या सवयीने जुळणी चटकन पकडशील. मात्र पुस्तकातलं तमिळ आणि घरात बोललं जाणारं तमिळ यांत बरंच अंतर असतं. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं सासूबाईंना ऐकवलंस तर त्यांना भाषण ऐकल्यासारखं वाटेल.

उच्चारांचं म्हणशील तर ळ तुला येतोच. 'तमिळ' शब्दाच्या शेवटचा ध्वनी वेगळा आहे, तो जमायला वेळ लागतो. पण कितीतरी तमिळ माणसंही तो साध्या ळसारखाच उच्चारतात, तेव्हा त्यावरून कुणी हसलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

बाबांचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला तेच जास्त खटकलं. त्याच्या घरी तुला जे बोचतं तेच तुझ्या घरी त्याच्या वाट्याला येतंय. मुंबईतल्या आपल्या मराठी घरांना ही सवयच आहे, समोरचा जरा अडखळला की आपणच हिंदीवर येतो आणि मग 'यांना मराठी येत नाही' म्हणून हळहळतो. तो शाळेत मराठी शिकलाय, देवनागरी वाचतो, त्याला फक्त बोलायची संधी हवी. बाबांना आजच सांग, क्रिकेटवर बोला, भाजीच्या भावावर बोला, लोकलच्या गर्दीवर बोला, पण मराठीत बोला, आणि तो शब्द शोधत असेल तेव्हा थोडं थांबा.