खाणीतून आलेला आरोग्यमंत्री

प्रश्न : माझे वडील डिचोलीच्या खाणीवर कामाला होते. ब्रिटनमधील मोफत आरोग्यसेवा खाणीत राबलेल्या एका मंत्र्याने उभारली, असे ते सांगत. हे खरे आहे का? आपल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाला तशीच सेवा म्हणता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. अनायरिन बेव्हन यांचा जन्म १८९७ साली वेल्समधील ट्रेडेगर येथे खाणकामगाराच्या घरी झाला आणि तेराव्या वर्षी ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. त्या गावी कामगारांनीच चालवलेली एक वैद्यकीय साहाय्य संस्था होती. मजुरीतून थोडे पैसे कापून दिले की डॉक्टर आणि औषधे बायकामुलांनाही मिळत. १९११ च्या सरकारी विमा कायद्याने मात्र केवळ कमावत्या कामगाराचीच सोय केली होती. हा फरक बेव्हन यांनी लहानपणापासून पाहिला होता, आणि माझ्या मते त्यांच्या पुढील कार्याचे मूळ तेथेच आहे.

सर्वांसाठी आरोग्यसेवा असावी, ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. सामाजिक सुरक्षेविषयीच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालात ती गृहीत धरलेली होती. १९४५ साली पंतप्रधान ॲटली यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हन यांनी धर्मादाय आणि नगरपालिकांची रुग्णालये एकाच राष्ट्रीय व्यवस्थेखाली आणण्याचे ठरवले, तेव्हा नगरपालिकांचा अधिकार जाऊ नये म्हणून त्यांचेच सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांनी विरोध केला. खर्चाचा मुख्य भार विम्याच्या हप्त्यांवर न ठेवता करांवर ठेवल्यामुळे, कोणी किती भरले हा प्रश्न उपचाराच्या दारात उरला नाही. कायदा १९४६ साली झाला, तरी १९४८ च्या आरंभी डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात दहापैकी जवळपास नऊ जण विरोधात होते. बेव्हन यांनी तज्ज्ञांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली, सामान्य डॉक्टरांना पगारी नोकर केले जाणार नाही अशी हमी दिली, आणि ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. ही तडजोड अनेकांना खटकते. मला ती आवश्यक वाटते, कारण डॉक्टरांवाचून कायदा कागदावरच राहिला असता. तत्त्वाला मात्र त्यांनी मुरड घातली नाही : १९५१ साली चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याचे ठरताच त्यांनी मंत्रिपद सोडले.

आता कार्डाविषयी. २०१६ साली सुरू झालेली आपली योजना विम्याच्या धर्तीची आहे : नोंदणी करावी लागते, गोव्यात ठरावीक वर्षे वास्तव्य लागते आणि वर्षभराच्या खर्चाला मर्यादा असते. गंभीर आजारात तिचा आधार मोठा आहे, पण बेव्हन यांच्या कल्पनेशी जवळचे नाते सांगायचे तर ते बांबोळीच्या गोमेकॉशी (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी) आणि गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांशी सांगावे लागेल, कारण ती सरकारी तिजोरीतून चालतात. पैशाअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे आपल्या देशात आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीनेही १९४६ सालीच सांगितले होते. म्हणून पुढील निवडणुकीत उमेदवार दारी आला, तर कार्डाची रक्कम वाढवणार का, एवढेच विचारून थांबू नये. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर, परिचारिका आणि औषधे पुरेशी ठेवणार का, हेही त्याला विचारावे.