जवानांचे आभार मानायचे, तर प्रश्न विचारायचे नाहीत?

प्रश्न : सर, मी सोलापुरात एम. ए. करते, इतिहास विषय. गाव बार्शी तालुक्यातलं, थोरला भाऊ लष्करात आहे. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला वाचायला मी १९६२च्या भारत-चीन युद्धावर निबंध लिहिला. पुरेशी तयारी नसताना जवानांना पुढे कोणी धाडलं, असं त्यात विचारलंय. कॉलेजात सांगितलं, ‘आज फक्त कृतज्ञता. ते सीमेवर उभे आहेत म्हणून तू इथे बोलतेस.’ माझं चुकलं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अजिबात नाही, बाळ. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पेन्शनीत आलो आणि मग शिकवायला लागलो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार पाहिलंय. बेळगावच्या सेंटरला आमची कसम परेड झाली, तेव्हा आम्ही निष्ठेची शपथ घेतली ती भारताच्या संविधानाची. कुठल्या सरकारची किंवा साहेबाची नाही.

त्याच संविधानाच्या कलम १९ने तुला बोलायचा हक्क दिला, आणि कलम ३३ने फौजींच्या हक्कांना आवर घालायची मुभा संसदेला दिली. तुझा भाऊ परवानगीशिवाय राजकारणावर किंवा नोकरीतल्या बाबींवर पेपरात चार ओळी लिहू शकत नाही. तक्रार असेल तर दरबारात, म्हणजे पलटणीच्या सभेत, सीओ साहेबांपुढे (कमांडिंग ऑफिसरपुढे) मांडायची, बाहेर अवाक्षर नाही. हे योग्यच आहे. ज्याच्या हाती बंदूक, त्याने राजकारण बोलू नये. पण मग १९६२ला सुती कपड्यांत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली देऊन पोरांना हिमालयात का चढवलं, हे विचारायचं कोणी? ज्याला बोलायची मोकळीक आहे त्यानेच. विद्यापीठं त्यासाठीच आहेत. जवानाचं नाव पुढे करून अभ्यासकाचं तोंड बंद करणं मला मनापासून खटकतं, कारण त्यात नुकसान जवानाचंच होतं.

कारगिलचं बघ. २६ जुलै १९९९ला युद्ध संपलं आणि २९ जुलैला सरकारने संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरी वेळेत का कळली नाही, हे त्या समितीने स्पष्ट लिहिलं आणि फेब्रुवारी २०००मध्ये अहवाल संसदेपुढे आला. त्याने कुणा शहिदाचा अपमान झाला नाही. उलट १९६२च्या पराभवावरचा लष्कराचा स्वतःचा हेंडरसन ब्रूक्स–भगत चौकशी अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही, आणि म्हणून तुझ्यासारख्यांनी विचारत राहणं जास्तच गरजेचं आहे.

आपल्या सोलापुरात तर १९३०च्या मार्शल लॉमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलात, गांधीटोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले. तुला बोलता यावं म्हणून किंमत मोजणाऱ्यांत हे चौघेही येतात, आणि ते गणवेशातले नव्हते. आभार त्यांचेही मानायचे.

आता निबंधाचं. लढलेल्यांच्या शौर्यावर एक परिच्छेद असू दे. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंह यांची कंपनी कशी झुंजली ते लिही. दोष निर्णय घेणाऱ्यांचा, हे वाक्यावाक्यात स्पष्ट ठेव. प्रत्येक दाव्याला आधार दे. भावाला त्याच्या पलटणीचं काहीही विचारू नकोस, त्याला अडचण होईल. आणि निबंध वाचायची परवानगी विभागप्रमुखांकडे लेखी माग. नकार आला तर तोही लेखी घे आणि मला कळव.