फौजीला राजकारण कळतं का?

प्रश्न : माझा भाऊ सतरा वर्षं फौजेत होता, सेना मेडल मिळालंय. आता पंचायत समितीला उभं राहायचं म्हणतो. बंदरावरची माणसं म्हणतात, 'फौजीला राजकारण काय कळणार?' बाहेर कुठे असं कुणी झालंय का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, झालंय. मी स्वतः चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, म्हणून हे नाव मला पाठ आहे : मिल्टन ग्रेग, कॅनडाचे. १९१४ साली साधे शिपाई म्हणून भरती झाले, पुढे लेफ्टनंट.

२८ सप्टेंबर १९१८, फ्रान्समधलं कांब्रे. काटेरी तारेपुढे त्यांची कंपनी अडकली, समोरून मशीनगन. ग्रेग एकटे सरपटत पुढे गेले, तारेतली एक अरुंद फट शोधली आणि त्यातून जवानांना शत्रूच्या खंदकात नेलं. उलटा हल्ला आला तेव्हा ग्रेनेड संपले. जखमी असूनही ते एकटे मागे गेले आणि ग्रेनेड घेऊन परतले. तोवर नफरी घटली होती, तरी उरलेल्यांना घेऊन पुन्हा भिडले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळालं ते यासाठी. आपल्या माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडग्यांनाही तेच मिळालं होतं, १९४४ साली इटलीत, मरणोत्तर.

मला त्या लढाईत ग्रेनेड आणायला मागे जाणं सर्वांत मोठं वाटतं. अधिकारी होते, दुसऱ्याला पाठवता आलं असतं.

आता राजकारण. १९३४ पासून ग्रेग संसदेत सार्जंट-ॲट-आर्म्स होते, म्हणजे सभागृहाची शिस्त सांभाळणारे. कोण कसं बोलतो, काम कुठे अडतं, हे त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं. मग १९४७ मध्ये मंत्री झाले, आणि पहिलं खातं कुठलं माहीत आहे? मत्स्यव्यवसाय! हे बंदरावर जरूर सांगा. पुढे माजी सैनिकांचं खातं, मग १९५० ते १९५७ कामगार खातं. १९५७ ला निवडणूक हरले. व्हिक्टोरिया क्रॉस होता, तरी हरले. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी इराकला गेले.

तेव्हा भावाला सांगा, छातीवरचं मेडल प्रचाराच्या फलकावर छापू नकोस. अर्ज भरायच्या आधी वर्षभर प्रत्येक ग्रामसभेला जाऊन बस, वही घेऊन. मच्छीमारांना बोटीच्या डिझेलवर मिळणारा परतावा कुणाचा थकलाय, कुठल्या टेबलावर अडलाय, ते लिहून काढ. मग त्या माणसाबरोबर दापोलीच्या कचेरीत स्वतः जा. कार्यकर्त्याला पाठवू नकोस.