इंजिनाखाली रोजच ऑइल, गळतंय तरी कुठून?

प्रश्न: माझ्या शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन जुनं आहे, दोनदा गॅस्केट बदललं, तरी इंजिनाखालच्या ट्रेमध्ये काळं ऑइल साचतंच. आता इंजिन उतरवायचं का?

उत्तर: थांबा, इतक्यात नको. ऑइल दिसतं तिथूनच गळतं असं नसतं हो, ते वरून ओघळत, फिरत्या बेल्ट-पुलीने उडत कुठल्या कुठे जातं. आधी डीग्रीझरने इंजिन अगदी लख्ख करा, कोरडं पुसा, संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरा आणि अर्धा तास इंजिन चालवा, मग टॉर्च घेऊन बघा, पांढऱ्या पावडरीत ओली काळी रेघ उमटते, ती वर जिथे सुरू होते तिथे गळती.

आणि गॅस्केट बदलूनही थांबत नाही म्हणताय, तर माझा पहिला संशय ब्रीदरवर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर. ती नळी किंवा फिल्टर चोंदला की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद भागात) प्रेशर वाढतं आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर येतं, मग कितीही गॅस्केट घाला. ब्रीदर साफ असूनही ऑइल फिलरमधून जोरात वाफा येत असतील तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्यात का ते तपासून घ्या. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) मॅक्सच्या खुणेवर ऑइल गेलं नाही ना, तेही बघा, बोट सरळ उभी असतानाच.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून ठिबकत असेल तर बहुतेक मागचं क्रँकशाफ्ट सील, ते काम मोठं. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट उगाच आवळू नका, पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

एक कळकळीचं सांगतो, तोवर खाली शोषक पॅड ठेवा, बिल्ज पंपाने (बोटीच्या तळातलं पाणी बाहेर टाकणाऱ्या) ते ऑइल पाण्यात जाऊ देऊ नका.