पेटी पंचायतीत आली, नेट घरात का येत नाही?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची (गावोगावी फायबरनं नेट न्यायची सरकारी योजना) पेटी तीन वर्षांपासून टांगलेली आहे, तालुक्याच्या यादीत गाव 'जोडलेलं' दाखवतात, पण वाडीवरच्या घरात कामापुरतंही नेट नाही. आणि सरकारी धोरणात प्रत्येकाला ५० एमबीपीएस वेगाचं नेट लिहिलंय, तर ते हक्कानं मागता येईल का?

आधी दुसऱ्याचं सांगतो, ते लवकर संपतं. नाही मागता येत. ५० एमबीपीएसचा आकडा २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणातला. २०२२ पर्यंत गाठायचं उद्दिष्ट म्हणून तो लिहिला होता. प्रत्यक्षात 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला किमान वेग किती हवा, ते वेगळं ठरतं. २००४ साली तो २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला आणि २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. धोरणातले ५० आणि व्याख्येतले २ यांच्या मधल्या खड्ड्यात आपण सगळे उभे आहोत.

आता पेटीचं. मी आधी केबल टीव्हीवाला, नंतर बारा वर्षं फायबर जोडायचं काम केलं, त्यामुळे या पेट्या उघडून बघितल्यात. ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. मुदत धरली होती दोन वर्षं! २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं आणि पहिल्या लाखभर पंचायती व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. पैसा आला टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के कापून जो निधी जमतो त्यातून, म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच.

उशीर झाला याचं मला फार वाटत नाही, सह्याद्रीत खोदायचं म्हणजे होणारच. घोळ मोजणीत आहे. योजनेचं शेवटचं टोक 'ग्रामपंचायत' धरलं होतं. पेटी बसली, दिवा हिरवा झाला, फोटो काढला, गाव मोजलं गेलं. तिथून घरापर्यंतची तार कोणी ओढायची, पेटीचं वीजबिल कोणी भरायचं, तुटली तर कोण येणार, हे कोणाच्याच गळ्यात नीट बांधलेलं नव्हतं. एका पंचायतीत तर ग्रामसेवक जाताना मेन स्विच पाडून कुलूप लावायचे. पेटी आठवड्यातून दोन दिवस जिवंत! त्यांनाही दोष काय द्यायचा, आधीचं बिल थकलेलं होतं.

दुसरी भानगड मांडणीची. जुनी फायबर तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघून झाडाच्या फांद्यांसारखी गावागावांत जाते. मधे कुठं तुटली की पुढची सगळी गावं बंद. एकदा पाच गावं एकदम गेली म्हणून आम्ही ओटीडीआर लावला (हे यंत्र फायबरमध्ये उजेड सोडून किती अंतरावर तुटलीय ते सांगतं), तर सव्वाचार किलोमीटर. तिथं नवी मोरी बांधायला जेसीबी लागला होता. केबल खरं तर दीड मीटरहून खोल पाहिजे. आम्हाला सापडली हातभर मुरमाखाली, कारण पुढं कातळ होता आणि खोदणाऱ्यानं वरच्यावरच सोडून दिली होती. चालकाला काय दिसणार? जोड मारायला चाळीस मिनिटं लागली, जागा उकरून मोकळी करायला अख्खा दिवस. 'खोदण्याआधी कळवा' म्हणून २०२३ मध्ये सरकारनं ॲप काढलं ते याचसाठी. मोरीवरच्या मुकादमाच्या फोनात ते असतं का, हा पुढचा प्रश्न.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १,३९,५७९ कोटींचा. त्यात या दोन्ही दुखण्यांवर औषध आहे: फांद्यांऐवजी रिंग, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसरीकडून चालू, आणि ठेकेदाराकडं दहा वर्षांची देखभाल. घराघरांत दीड कोटी फायबर जोडण्यांचं उद्दिष्टही आहे. तुमच्या कामाचा शब्द मात्र वेगळाच आहे. पंचायतीचं मुख्य गाव सोडून उरलेली जवळपास ३.८ लाख गावं 'मागणीनुसार' जोडायची आहेत. वाडीवर राहणाऱ्यानं हा शब्द खिशात ठेवावा.

तेव्हा एकट्यानं अर्ज करू नका. कनेक्शन देणारा स्थानिक भागीदार बीएसएनएलचा असो की खाजगी, त्याचं गणित मला पाठ आहे. एका घरासाठी अर्धा किलोमीटर केबल आणि खांब परवडत नाहीत. त्याच वाटेवर पंधरा घरं असली तर तो स्वतःच शिडी घेऊन येतो. घरांची यादी करा, नाव, फोन, महिन्याला किती देणार ते लिहा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत तालुक्याच्या बीएसएनएल कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच विसरू नका. सरपंचांना आधी घरी जाऊन भेटा, भरसभेत 'पेटी बंद आहे' म्हणालात तर ते पेटीचीच बाजू घेतील. त्यांच्या कार्यकाळात बसलीय ना ती.

त्याआधी एक काम. पंचायत उघडी असताना जाऊन पेटीतले दिवे बघा. एकही पेटलेला नसेल तर वीज नाही, ते गावातच सुटतं. 'एलओएस'चा लाल दिवा असेल तर मागं फायबर तुटलीय किंवा निसटलीय, मग ठरावाच्या आधी तक्रार. पॉवर (वीज) आणि पॉन (फायबरची जोडणी) हे दोन्ही दिवे स्थिर हिरवे असतील तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. फोटो काढून इथं टाका, दिव्यांखालची अक्षरं वाचता येतील असा जवळून.