लिंबाला काटेच काटे

प्रश्न : चार वर्षांपूर्वी लावलेलं कलमी लिंबू जोमात वाढतंय, पण अंगावर नुसते लांब काटे, फळ एकही नाही. खत वाढवू का?

उत्तर : खत राहू द्या. आधी खाली वाकून कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या झाडावर लिंबू जिथं जोडलंय ती जागा, शोधा. जोमदार फांद्या सांध्याच्या खालून निघाल्या असतील, तर तुम्ही लिंबू नव्हे, खुंट, म्हणजे ते खालचं झाड, पोसताय. पान तीन दलांचं असेल तर शंकाच नको. (मीही असा एक फुटवा वर्षभर कौतुकानं वाढवला होता!) खुंटाचा फुटवा बुडापासून काढा. कोवळा असेल तर हातानंच ओढून तोडा. कात्रीनं वरवर कापला की पुन्हा फुटतो. सांध्याच्या वर जिवंत फांदीच उरली नसेल, तर मात्र नवं कलम लावा आणि सांधा मातीच्या वर ठेवा.