लूक १४:२६ : आईचा 'द्वेष' केल्याशिवाय येशूचा शिष्य होता येत नाही का?

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही घणसोलीत राहता, वडील नाहीत, घरात आई आणि शिकणारी बहीण, आणि पगार एकट्या तुमचा. प्रार्थनेच्या गटातल्या एका मोठ्या भावाने लूक १४:२६ काढून दाखवलं आणि सांगितलं, नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरत नाहीस तोवर तू शिष्यच नाहीस. आईबाप, बायको, मुलं, भावंडं यांचा द्वेष करायला सांगणारं हे वचन खरंच तसंच घ्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी कळव्याचा, मूळ नगर जिल्ह्यातला. पाळक नाही. मंडळीत बरीच वर्षं शास्त्राभ्यास घेतो, एवढंच. पण हे वचन माझ्या स्वतःच्या घरात उतरलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो 'द्वेष' शब्द. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात याकोबाच्या दोन बायका आहेत. ३०व्या वचनात म्हटलंय की त्याची लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती होती. लगेच ३१व्या वचनात लेआबद्दल मूळ इब्री भाषेत जो शब्द येतो, तो थेट 'द्वेष' याच अर्थाचा. पण याकोब लेआचा द्वेष करत नव्हता, तिच्याबरोबर त्याने संसार केला, तिला त्याच्यापासून सहा मुलगे झाले. आपल्या कहाण्यांमध्ये राजाला एक आवडती राणी असते आणि एक नावडती. लेआ ही 'नावडती' होती, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची. अनुवादाच्या पुस्तकात, २१:१५ मध्येही, हीच आवडती-नावडतीची जोडी आहे. येशू त्याच भाषेच्या वळणात वाढलेला होता. आणि मत्तयाने हेच बोलणं १०:३७ मध्ये उलगडून दिलंय : जो माझ्यापेक्षा आईवर किंवा बापावर अधिक प्रीती करतो, तो मला योग्य नाही. तिथे द्वेषाचं नाव नाही, क्रमाची गोष्ट आहे.

आता आईला वाऱ्यावर सोडण्याबद्दल. मार्क ७:९ ते १३ जरूर वाचा. काही लोक आईबापांना म्हणत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण करून टाकलंय. येशू त्यांना शाबासकी देत नाही. देवाची आज्ञा तुम्ही रद्द करता, असं तोंडावर सांगतो. देवाच्या नावाखाली आईची भाकरी काढून घेणं त्याला चालत नव्हतं. आणि स्वतः वधस्तंभावर असताना, योहान १९ मध्ये, तो आईला आपल्या शिष्याच्या हवाली करतो. तो शिष्य तिला घरी घेऊन जातो. ते त्याचं शिष्यपण होतं : एका विधवेला घर देणं.

पेत्राने सगळं सोडलं, हे आपण नेहमी ऐकतो. पण मार्कच्या पहिल्याच अध्यायात, जाळी सोडल्यावर थोड्याच वचनांनी येशू शिमोनाच्याच, म्हणजे पेत्राच्याच, घरी जातो आणि त्याच्या तापाने पडलेल्या सासूला बरं करतो. पुढे पौल १ करिंथ ९:५ मध्ये लिहितो की केफा, म्हणजे हाच पेत्र, आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरतो. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भुताने पछाडलेला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत यायला विनवत होता. येशूने त्याला येऊ दिलं नाही, तुझ्या घरी, तुझ्या माणसांकडे जा म्हणून सांगितलं. कोणाला 'चल' म्हणायचं आणि कोणाला 'घरी जा', हे येशूने स्वतःकडे ठेवलं होतं. तुमच्या गटातल्या भावाला तो अधिकार कोणी दिला, हे मला खरंच कळत नाही. त्यांचा आवेश खरा असेल, पण ही शिकवण चुकीची आहे आणि एखाद्या घराची वाट लावू शकते.

इथपर्यंत वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण मी इथेच थांबलो तर वचन पातळ केल्यासारखं होईल. ते बोचतं, फक्त वेगळ्या जागी.

तरुणपणी मी तुर्भ्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात कारकून होतो. तेव्हा मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ती गेली. आमच्या बऱ्याचशा गाड्या ऐरोली नाक्यावरून जात. जकात मालाच्या किमतीवर, म्हणून ऑफिसात दोन बिलं बनत. एक खरं, एक नाक्यावर दाखवायचं. माल दहा लाखांचा असला तर दाखवायचं बिल सहा लाखांचं. ती दुसरी बिलं माझ्या हस्ताक्षरात असायची. त्याबद्दल महिन्याला पगाराच्या वर एक पाकीट मिळे. ते मी आईच्या हातात देत असे.

एका रविवारी उपासनेत मत्तय ९:९ वाचलं गेलं. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी 'नाका' शब्द आला आणि मला ऐरोलीचा नाका, गाड्यांची रांग, माझ्या हातची बिलं, सगळं समोर दिसलं. घरी येताना मी मनात एकच वाक्य घोळवत होतो : मी हे माझ्यासाठी करत नाही, घरच्यांसाठी करतो. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं.

तेव्हा मला लूक १४:२६ कळलं. मी स्वतःच्या चैनीसाठी कधी खोटं लिहिलं नाही, सगळं आईसाठी, बहिणीसाठी. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसांचं पाप बहुतेक वेळा घरच्यांच्या नावावर असतं. येशू नेमका तिथे बोट ठेवतो. आईला सोडू नकोस, पण आई हे खोटेपणाचं कारण करू नकोस. जिथे तिची गरज आणि माझा शब्द समोरासमोर येतील, तिथे तिची गरज दुसऱ्या क्रमांकावर जाईल.

मी साहेबांना सांगितलं, यापुढे दुसरं बिल मी लिहिणार नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही, मला गोडाऊनला पाठवलं. पाकीट बंद, पगारही कमी. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाळा, हे तुला लग्नाच्या आधीच सुचायचं होतं का रे?" मग कितीतरी दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. डबा मात्र रोज भरलेला असे. बहिणीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं. तिने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, पण ते वर्ष तिचं गेलं, माझं नाही, हे मी विसरलेलो नाही. माझ्या शिष्यपणाची किंमत दुसऱ्यांनीही भरली. म्हणूनच हे वचन हलक्या हाताने कोणाच्या अंगावर टाकू नये असं मला वाटतं.

जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, लूक १९. मी काहीच परत करू शकलो नाही, कारण कोणाला आणि कसं करायचं हेच सुचलं नाही. ती गोष्ट माझ्याकडे अजून उघडी आहे, प्रार्थनेत ती येते.

तुम्ही पुढे २८व्या वचनापर्यंत वाचलंय का? लागलीच बुरूज बांधणाऱ्याचा दाखला येतो. पाया घालून मग पैसे संपले तर लोक हसतील, म्हणून आधी बसून खर्चाचा हिशेब कर. घोडबंदर रोडकडे अर्धवट राहिलेल्या टॉवरमध्ये ज्यांनी बुकिंगचे पैसे घातलेत आणि वर भाडं भरत आहेत, त्यांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पुढच्याच, राजाच्या दाखल्यातही 'आधी बसून' आहे. येशूच्या मागे गर्दी चालली होती आणि तो वळून त्या गर्दीला म्हणतो, बसा, हिशेब करा. तुमच्या भावाने तुम्हाला बसू दिलं का? उद्याच राजीनामा दे म्हणणारा आवाज या अध्यायातला नाही.

२७व्या वचनात आपला वधस्तंभ उचलायला सांगितलंय, त्याचंही तसंच. आपल्या ठाण्यातच १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू विश्वासासाठी मारले गेले. काहींच्या वाट्याला ते येतं. पण मत्तय आणि मार्क वधस्तंभ उचलायला सांगतात तेच वाक्य लूक लिहितो तेव्हा ९:२३ मध्ये एक शब्द जादा घालतो : दररोज. जीव एकदाच देता येतो. दररोज उचलायचं म्हणजे ऑफिसात, टाइमशीट भरताना, घरी बहिणीची फी भरताना उचलायचं.

पूर्णवेळ सेवेची हाक तुम्हाला खरंच असेलही. मी नाही म्हणणारा कोण? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं ताटातूट झाली, आणि ते दुःख त्या दोघांनीही हलकं मानलं नाही. पण हाक असली तर ती एका वचनाच्या धाकावर उभी नसेल. ती काही महिने थांबूनही जाणार नाही. तोवर बहिणीचं शिक्षण कुठवर आलंय, आईच्या औषधपाण्याचं काय, कर्ज किती, हे कागदावर मांडा. पाळकसाहेबांना आणि घर चालवून सेवा करणाऱ्या एखाद्या माणसाला तो कागद दाखवा. १ तीमथ्य ५:८ त्या भावाबरोबर बसून वाचा. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौल काय म्हणतो, ते त्यांनाही पाहू दे.

आणि एक राहिलं. एवढ्या लांब प्रश्नात तुम्ही भावाचं म्हणणं लिहिलंत, तुमची घालमेल लिहिलीत. आईचं काय म्हणणं आहे, ते कुठेच नाही. आज जेवताना तिला विचारा, आणि ती काय म्हणाली ते इथे खाली लिहा. मी वाट बघतो.